आष्ट्याला राहिलेली गिटार

रेल्वेत जन्म काढलेला माणूस स्वतःची गिटार गाडीत विसरून येतो, यावर मी एकोणतीस वर्षं विश्वास ठेवला. एरवी मला कुणी भोळी म्हणालं तर मी त्याला उभा-आडवा घेईन. नर्स आहे मी. लोणंदच्या दवाखान्यातून आसपासच्या वाड्यावस्त्यांवर फिरते, आणि "गोळ्या घेतल्या का?" या प्रश्नाला कोण खरं बोलतंय नि कोण थापा मारतंय, हे मला उंबऱ्यातूनच कळतं. घरातली थाप मात्र कळली नाही.

दादा, म्हणजे माझे वडील सोपान, लोणंद स्टेशनात पॉइंट्समन होते. गाडी येण्याआधी सांधे बदलायचे, झेंडी नाहीतर कंदील धरायचा, सांध्यांना तेल घालायचं. माझी आई मी चार वर्षांची असताना गेली. रेल्वेच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आम्ही तिघंच होतो. दादा, मी आणि दादांची आई बनाबाई, माझी आजी.

गिटार आमच्याकडं आली ती एका गोव्याच्या गार्डामुळं. तो मिरजेकडच्या गाडीवर असायचा. दादा सांध्याला तेल घालता घालता गात असत, ते त्यानं ऐकलं होतं. नोकरी संपवून गावी निघाला तेव्हा शेवटच्या फेरीला त्यानं गार्डाच्या डब्यातून ती खाली दिली. माझी पोरं वाजवत नाहीत, तू वाजव, म्हणाला. तेव्हाच ती गिटार म्हातारी होती. काळपट तांबूस लाकूड, भोकाभोवती शिंपल्याच्या तुकड्यांची कड, त्यातले तीन तुकडे पडलेले. आतल्या कागदावरचं कंपनीचं नाव कसरीनं खाल्लं होतं, १९३१ हा आकडा तेवढा शाबूत होता.

आता गिटार शिकवायला लोणंदात कोण मिळणार? दादांनी आपल्या मनानंच सुरू केलं. तिला मांडीवर आडवी घ्यायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या आणि डाव्या हातात रुळाच्या बोल्टाचा तुकडा, कानशीनं घासून गुळगुळीत केलेला, तो तारांवरून सरकवायचा. सूर टुणकन निघायचा नाही, लांब ओढत जायचा. खऱ्या गिटारवाल्यानं बघितलं असतं तर कपाळाला हात लावला असता. पण दादा वाजवायला बसले की चाळीतल्या बायका हातातलं काम टाकून दारात येऊन उभ्या राहायच्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

"गिटारच का वो, दादा?" मी एकदा विचारलं होतं.

"हलगी, सनई ही गावकीची वाद्यं," दादा म्हणाले. "गावानं सांगायचं आन् आपल्या मानसांनी मिरवणुकीम्होरं वाजवत चालायचं. वर शिळी भाकरी. ह्ये वाद्य गावाला ठावंच न्हाई. ह्येच्यावर गावाचा हुकूम चालत न्हाई."

छप्पन साली दादा रेल्वेचा पास काढून नागपूरला गेले आणि दीक्षा घेऊन आले. आल्या आल्या घरातले देव फडक्यात बांधून नीरा नदीत सोडून दिले. सगळे सोडले असं त्यांना वाटत होतं. आजीनं एक मागं ठेवला होता. खंडोबाचा टाक, बोटाच्या पेराएवढा चांदीचा पत्रा, ज्वारीच्या पिठाच्या डब्यात अगदी तळाला. मला ठाऊक होतं, कारण पीठ चाळायला मीच बसायची. पुढं कधीतरी दादांनाही कळलं, कारण आमच्या क्वार्टरमध्ये सुई पडली तरी तिघांना ऐकू जायची. आजी लपवत राहिली आणि दादा न दिसल्यासारखं करत राहिले. कुणाचं काही अडलं नव्हतं.

दादांची पार्टी होती, 'नवजीवन गायन पार्टी'. दादा गायचे आणि गिटार वाजवायचे, जोतिबाकाका ढोलकीवर, एक पेटीवाला आणि मागं कोरस धरायला दोघं. एप्रिल लागला की जयंतीचे कार्यक्रम सुरू. फलटण, माण, कराड, पार सांगलीपर्यंत बोलावणी यायची. पंचशील, शिक्षण, दारूबंदी, देवधर्माचं खूळ सोडा, असं सगळं गाण्यांत. गाणी दादाच बांधायचे. आजीला त्यातली अर्धी झोंबायची, तरी ती मांडी घालून ऐकायची आणि पुढच्या बाईला म्हणायची, "माझं प्वार हाय."

१९६६ च्या मे महिन्यात ते बुद्धजयंतीच्या कार्यक्रमाला आष्ट्याला गेले. परत आले ते रिकाम्या हातानं. मी धावत गेले, कारण गिटारीवरचं फडकं सोडायचा मान माझा होता.

"राहिली गाडीत," दादा म्हणाले.

मी रडून गोंधळ घातला. स्टेशनमास्तरांना सांगा, तार करा, मिरजेला विचारा. दादा म्हणाले, विचारलं, नाही मिळाली. त्या दिवसापासून गाणं बंद. पार्टी मोडली. आणि त्याच दिवसापासून दादा आजीशी बोलेनासे झाले.

भांडण नाही, आदळआपट नाही. नुसतं बोलणं नाही. दहा बाय दहाच्या खोलीत दोघं समोरासमोर बसलेली आणि मधे मी. "स्वप्ना, तुझ्या आजीला म्हणावं भाकरी वाढ." आजी हातभर अंतरावर. ती भाकरी वाढायची आणि मला म्हणायची, "तुझ्या दादाला म्हणावं, कोरड्यास गरम हाय, बेतानं खा." मी आठ वर्षांची. मला वाटलं, चार दिवसांनी मिटेल. मग मी निरोपांत पदरचं घालायला लागले. "आजी, दादा म्हणत्यात वांगं लय झ्याक झालंय." आजी हसायची. "खोटं बोलतीस," म्हणायची, आणि जरा वेळानं, "आनि काय म्हणला?"

आठ वर्षं मी निरोप पोचवले. विचारलं नाही असं नाही. दादांना विचारलं तर उठून बाहेर जायचे. आजीला विचारलं तर ती म्हणायची, "मला न्हाई ठावं गं. माझं काय चुकलं त्ये त्यानं सांगाय पायजे." चौऱ्याहत्तर साली आजी गेली. दादांनी सगळं रीतीनं केलं, वंदना झाली, माती झाली, पाहुणे जेवले. मी सोळा वर्षांची होते आणि दादांचा मला इतका राग आला होता की महिनाभर मीही त्यांच्याशी बोलले नाही. पण माझ्याच्यानं महिन्यापलीकडं निभलं नाही. पिठाच्या डब्यातला टाक मी काढून माझ्या पेटीत ठेवला. दादांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

पुढं माझं लग्न झालं. नवरा महेंद्र लोणंदच्याच शाळेत शिक्षक, त्यामुळं मी गाव सोडलं नाही. दादा रिटायर झाले तेव्हा आमच्याकडं राहायला आले. चांगला सासरा म्हणून महेंद्र त्यांचं कौतुक करायचा. गप्प बसणारा सासरा कुणाला नको असतो!

चौऱ्याण्णवच्या थंडीत दादांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. मी त्यांना उठवायची, पुसायची, भरवायची. एक दिवस लक्षात आलं, त्यांचा डावा हात खाटेच्या लाकडी कडेवरून पुढंमागं सरकतोय. पुढं जातो, थोडा थरथरतो, मागं येतो. मला वाटलं, हे काहीतरी नवीन दुखणं. डॉक्टरांना सांगायचं म्हणून मी घड्याळ लावून बघायला बसले. पाच मिनिटांत माझा हात तोंडावर गेला. दादा गिटार वाजवत होते.

त्या दिवशी मला रडू आलं, आणि मी काही सहजी रडणाऱ्यातली नाही. मला ती गिटार एकदा ऐकायची होती. लहानपणापासून हवी होती, पण इतकी हवी होती हे तेव्हा कळलं. डावा हात शाबूत आहे, म्हणजे बोल्ट सरकवणारा हात शाबूत आहे. उजव्या हाताचं काम काय, तारा छेडायचं. ते मी करेन. गिटार तेवढी पाहिजे.

मी जोतिबाकाकांकडं गेले. पार्टीतले तेवढेच उरलेले. त्यांचा रक्तदाब बघायला मी दर आठवड्याला जायचीच. दंडाला पट्टा बांधता बांधता विचारलं, "काका, त्या वर्षी आष्ट्याहून येताना तुमी कंच्या गाडीत व्हता? हरवलेल्या सामानाची जुनी वही कुठं सापडती का बघते."

काकांनी माझ्याकडं बघितलं. "कशाची वही?"

"गिटार गाडीत राहिली ना."

"आगं पोरी," काका म्हणाले, "सोपान स्वताचं डोस्कं इसरंल, ती गिटार इसरंल व्हय? मुकाबल्यात हरला त्यो."

मग त्यांनी सांगितलं. आष्ट्याला दोन पार्ट्यांचा मुकाबला होता. एकानं सवाल गायचा, दुसऱ्यानं जागच्या जागी जवाब बांधून गायचा. जवाब आला नाही तर हरलेल्या पार्टीच्या म्होरक्यानं आपलं वाद्य जिंकणाऱ्याच्या हवाली करायचं. जुन्या फडांतली ही रीत, ती या पार्ट्यांनीही उचलली होती. जिंकणाऱ्यानं ते वाद्य विकायचं नाही, वाजवायचं नाही, नुसतं सांभाळायचं. हरलेला माणूस जवाब घेऊन आला की ते त्याला परत.

"किती दिवसांत?" मी विचारलं.

"दिसाचं काय न्हाई. कवाबी यावं. ईस वरसांनी का हुईना."

"मग दादा का न्हाई गेले?"

"तितंच तर घोडं पेंड खातंय," काका म्हणाले. "असल्या सवालाला सोपाननं झोपंत जवाब दिला आसता. समोर आष्ट्याचा नाथाजी व्हता. आवाज ग्वाड, पर सोपानम्होरं काय न्हाई. त्येनं सवाल टाकला आन् सोपान नुसता हुबा. पंचांनी तीनदा इचारलं. मूग गिळून हुबा. मग गिटार फुडं सारली आन् खाली उतरला. आमाला म्हणला, घरात सांगू नगा."

"सवाल काय व्हता, काका?"

काकांना आठवत होता. पट्टा दंडाला तसाच, त्यांनी मांडीवर ठेका धरला आणि फुटक्या आवाजात म्हटला:

"द्येव सोडलं म्हणशी, गड्या, सोडलं नदीला,
मग पिठाच्या डब्यात कोण रं दडला?
माय पुजती चोरून, ल्योक गातो सभेत,
सांग त्या लेकानं काय करावं घरात?"

"सोपा हाय," काका म्हणाले. "द्येव काढून टाक, मायला समजावून सांग, येवढं गायलं की टाळ्या. न्हाई का?"

मी पट्टा सोडवला. त्यांचा रक्तदाब किती होता ते मी त्या दिवशी लिहिलंच नाही. आजीचं माहेर आष्ट्याजवळचं. सुट्टीला ती तिकडं जायची, बायकांत बसायची. दादांनी काय समजून घेतलं असेल हे मला आता लख्ख कळलं. आईनं माहेरी बोलून दाखवलं, ते या नाथाजीच्या कानावर गेलं आणि त्यानं भरसभेत उकरून काढलं. देव फेकून दे म्हणून गावं, तर ते स्वतः करत नव्हते. फेकू नको म्हणावं, तर आईची अब्रू गेली आणि पार्टीचीही. म्हणून गप्प बसले आणि गिटार देऊन आले. घरी आल्यावर सगळा राग आजीवर.

मला नाथाजीचाच राग आला. हा कोण टिकोजीराव माझ्या आजीवर सवाल बांधणारा?

पंचाण्णवच्या फेब्रुवारीत मी रजा टाकली, दादांना महेंद्रवर सोपवलं आणि सकाळच्या गाडीनं सांगलीला उतरले. तिथून आष्ट्याची एस.टी. उसाचे दिवस, गाडी दर दहा मिनिटांनी ट्रॅक्टरमागं अडकायची. मी मनात भाषण तयार करत होते. आष्ट्यात विहाराजवळ विचारलं तर नाथाजींचं घर एका म्हातारीनं बोट करून दाखवलं. ते जिवंत आहेत हे ऐकून मला बरंच वाटलं, कारण मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही.

दार त्यांच्या नातीनं, पायलनं उघडलं. नाथाजी खुर्चीत बसले होते. काटकुळा माणूस, जाड चष्मा. मी जय भीम केला आणि म्हटलं, "मी लोणंदची. सोपान पॉइंट्समनची मुलगी."

ते उठून उभे राहिले. माझ्याकडं न बघता माझ्या मागं दाराकडं बघायला लागले.

"आला?" ते म्हणाले. "सोपान आला?"

"न्हाई. अर्धांग झालंय. खाटेवर हायत."

ते हळूच परत बसले. त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरलेलं मला दिसलं, पण मी भाषण पाठ करून गेले होते आणि माझ्या रागाला थांबायची सवय नाही. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली गिटार खुंटीला होती. फडक्यावरूनही मी ओळखली.

"मी गिटार न्यायला आलेय," मी म्हटलं.

"जवाब आणलायस?"

"काय?"

"रीत हाय, पोरी. जवाब आणला की वाद्य परत."

मग मात्र मी तोंड सोडलं. "मानूस खाटंवर पडलाय आन् तुमाला जवाब पायजे? लाज न्हाई वाटत?"

"ऐक," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. "आज म्या अशीच दिली तर सोपान कायमचा हरला. जवर हितं हाय, तवर त्येचं येनं बाकी हाय. मी काय ती माज्यासाठी ठिवलीय व्हय? तारा गंजल्या तवा मिरजंला नेऊन नव्या चढवून आनल्या. दर जयंतीला पुसतो. पोरास्नी हात लावू देत न्हाई."

"मग माझ्या आजीवर सवाल कशाला बांधला?" मी ओरडले. "कुनी सांगितलं तुमाला आमच्या पिठाच्या डब्यातलं? चारशे मानसांत बापाला उघडं पाडलं, वर रीत शिकवता?"

पायल आतून बाहेर आली. नाथाजींनी तिला हातानं थांबवलं. ते खुर्चीत पुढं झुकले.

"तुज्या आजीच्या डब्यात द्येव व्हता?" त्यांनी विचारलं.

"तुमाला ठाऊक नव्हतं?"

"मला कसं ठावं आसनार? म्या माज्या आयचं गायलो, पोरी."

"पन पिठाचा डबा..." एवढंच म्हटलं.

"मग बायकांनी दडवायचं कुठं? गडीमानूस पिठाच्या डब्यात हात घालतो व्हय कवा?" त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "छप्पन सालानंतर घरोघर ह्येच. कुनी बोलत नव्हतं. आमच्या आयनं मरीआय ठिवलीती. मला कळंना काय करावं. फेकावं तर आय तुटती, ठिवावं तर रोज सभेत खोटं गायाचं. म्हनून सवाल बांधला. आकरा पार्ट्यांना टाकला. धा जनांनी गाऊन सांगितलं, फेकून दे. टाळ्याच टाळ्या. ती काय जवाब देत नव्हती, पाठ म्हनत व्हती. तुझा बाप येकटा गप हुबा ऱ्हायला. माज्याकडं बघत. मला वाटलं, ह्येला कळलंय. ह्येच्याकडं खरा जवाब हाय, पर त्यो सभेत सांगायचा न्हाई. यील कवातरी घरी आन् सांगंल."

"आन् तुमी का न्हाई आलात लोणंदला?"

"जिंकलेल्यानं हरलेल्याच्या दारात त्येचंच वाद्य घिऊन जायाचं? चिडवल्यागत हुतंय त्ये. तशी रीत न्हाई."

म्हणजे हा माणूस एकोणतीस वर्षं दाराकडं बघत इथं बसलेला, आणि तिकडं माझा बाप भिंतीकडं बघत. रीतीला काय म्हणावं ते मी मनात म्हणून घेतलं, म्हाताऱ्यासमोर बोलले नाही. मी जमिनीवर बसले. पायलनं पाणी आणून दिलं.

"मरीआयचं काय केलंत मग?" मी विचारलं.

"धा जन सांगत व्हते तसं केलं. फेकली. सभेत टाळ्या पडत व्हत्या ना, त्याच तोऱ्यात. आय दोन दीस जेवली न्हाई. मग जेवली. मेली तवर त्या गोष्टीचं नाव काढलं न्हाई तिनं." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "सोपाननं काय केलं? त्येवढं सांग."

"द्येव डब्यातच ऱ्हाऊ दिला," मी म्हटलं. "हात लावला न्हाई. पर आजीसंगं बोलनं सोडलं. आठ वर्सं. ती गेली तोवर."

नाथाजींनी तोंडावरून हात फिरवला. मग ते उठले, स्टुलावर चढायला लागले. पायल धावली, तर तिला म्हणाले, बाजूला सर. त्यांनी स्वतः गिटार खाली काढली आणि माझ्या हातांत दिली.

"पंच कुनी उरलं न्हाईत," ते म्हणाले. "मी येकटाच सांगतो, जवाब पोचला. आन् सोपानला सांग, मला त्येच्या आयचं ठावं नव्हतं. येवढं नीट सांग. इसरू नगं."

परतीच्या गाडीत गिटार मी मांडीवर घेऊन बसले होते. शिंपल्याचे तीन तुकडे नव्हते ते नव्हतेच. फडक्याच्या आत बोट घालून मी एक तार हलकेच ओढली आणि लगेच हाताखाली दाबली. पहिला सूर दादांनी काढायचा, असं मी ठरवलं होतं. दादा हसतील की रडतील याची मी पैज लावत होते, माझ्याशीच. त्या दिवशी मी फार खुशीत होते, हे सांगायला हवं.

घरी पोचले तेव्हा रात्र झाली होती, पण दादा जागेच होते. महेंद्रनं त्यांना पाठीमागं उशा लावून बसवलं होतं. मी फडकं सोडलं आणि गिटार त्यांच्यासमोर धरली.

त्यांनी तिला हात लावला नाही. पुष्कळ वेळ बघितलं. मग जड जिभेनं, एकेक शब्द ओढत विचारलं, "कुनी दिली?"

"नाथाजींनी. सवाल ठावा झालाय मला, दादा. जोतिबाकाकांनी सांगितला."

त्यांनी तोंड फिरवलं.

"ऐका. नाथाजींना आजीचं ठावं नव्हतं. त्यांच्या आईच्या डब्यात मरीआय व्हती. त्यांनी त्यांच्या आईचं गायलं. नीट सांग म्हणालेत."

दादा माझ्याकडं वळले. "ठावं नव्हतं?"

"न्हाई."

"म्हायेरी... आयनं... न्हाई सांगितलं?"

"आजीनं कुनालाच सांगितलं नव्हतं, दादा."

मी घाई केली. मला वाटलं, आता मोकळं होतील. मी गिटार त्यांच्या मांडीवर आडवी ठेवली, महेंद्रनं घासून आणलेला बोल्टाचा नवा तुकडा त्यांच्या डाव्या हातात दिला आणि त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. "तुमी सरकवा," म्हटलं, "मी छेडते." तार ओढली. नव्या तारेचा आवाज खोलीभर झाला. दादांचा हात हलला नाही. बोल्ट त्यांच्या मुठीतून निसटून गादीवर पडला. मी पुन्हा तार ओढली, मग माझाही हात थांबला, कारण दादा गिटारीकडं बघतच नव्हते.

ते स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत होते. आमचं हे घर वेगळं, आजी या घरात कधी राहिलेली नाही. तरी ते बघत राहिले. त्यांचा चेहरा एका बाजूला ओढलेला, त्यामुळं रडतायत हे कळायला मला वेळ लागला. मग त्यांनी सगळा जोर लावून, एवढ्याशा घराला पुरून उरेल अशी हाक मारली.

"आये!"

महेंद्र पुढं झाला, मी त्याला अडवलं. आत चुलीशी कुणी नव्हतं. दादा कान देऊन थांबले होते, आणि थांबणार होते, हे मला दिसत होतं. मी गिटारीपासून उठले, स्वयंपाकघरात गेले आणि तिथून ओ दिली.